वडिलांची झेन एक्स्चेंजला द्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. वडिलांनी २००५च्या दिवाळीत घेतलेली मारुती झेन, १,१८,००० किलोमीटर चाललेली. वडील गेल्या ऑगस्टमध्ये गेले. तुम्ही पाथर्डी फाट्याला राहता, नोकरी सातपूरला, मुलगा नऊ वर्षांचा, आई तुमच्याजवळ, भाऊ पुण्यात. शोरूमवाले झेन घेऊन नव्या गाडीवर ५५,००० रुपये कमी करायला तयार आहेत, पण महिनाअखेरच्या आत. भाऊ म्हणतो देऊन टाक. आई काहीच बोलत नाहीत. आणि तुम्ही विचारता, "द्यावी का? दिली तर पुढं मनाला लागत राहील का?"

मी २८ वर्षं अंबडला गॅरेज चालवतो. दुरुस्ती तर आहेच, शिवाय जुनी गाडी घेणारे लोक सौद्याआधी माझ्याकडे गाडी तपासायला आणतात. त्यामुळे घरातल्या माणसाची गाडी देणारे आणि ठेवणारे, दोन्ही जवळून बघितलेत. माझ्या मते तुमच्यापुढे एक नाही, दोन प्रश्न आहेत. घराला रोजच्या वापरासाठी कुठली गाडी हवी, हा पहिला. वडिलांच्या गाडीचं काय करायचं, हा दुसरा. शोरूमनं ५५,००० रुपयांच्या दोरीनं दोन्ही एकत्र बांधलेत आणि वर महिनाअखेरची गाठ मारली आहे. ती गाठ आधी सोडवू.

सगळ्यात आधी कागद. झेन आज कायद्यानं तुमची नाही, वडिलांच्याच नावावर आहे. मालकाच्या निधनानंतर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. तुमच्या बाबतीत आई आणि भाऊ दोघांची. मुदत उलटली म्हणून वाट बंद होत नाही, थोडा दंड भरावा लागतो. पण हे झाल्याशिवाय ना तुम्ही गाडी विकू शकता, ना शोरूम ती नीट कागदानं पुढे देऊ शकतं. म्हणजे महिनाअखेरची घाई तशीही तुमच्या कामाची नाही. कुणी "तुम्ही फक्त सह्या करा, बाकी आमचा एजंट बघेल" म्हणालं तर स्वच्छ नाही म्हणा. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईत मालक तोच धरला जातो, गाडी विकलेली असली तरी. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली हे स्पष्ट सांगितलंय. वडिलांच्या नावावरची गाडी उद्या तिसऱ्याच माणसाच्या हातात फिरली आणि काही घडलं, तर नोटीस तुमच्या आईंच्या दारात येईल.

दुसरा कागद विम्याचा, आणि इथं मला खरी काळजी वाटते. मालकाच्या निधनानंतर त्यांच्या नावाची पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवरच चालते. तुम्ही लिहिलंय की झेन घेऊन मुलाला क्लासला सोडता. ऑगस्टपासून मोजा. कृपा करून पॉलिसी बघेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. जाता जाता एक सांगतो, वडिलांनी बरीच वर्षं क्लेम केला नसेल तर त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, पत्नीला किंवा मुलांना मिळू शकतो. विमा कंपनीला स्वतःहून विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.

तिसरा कागद नोंदणीचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. तुमची पहिली मुदत २०२० साली संपली. वडिलांनी पासिंग करून घेतलं असेल तर पुढची २०२५च्या शेवटी संपली. २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये आहे, त्याआधी ५,००० होती. वर पर्यावरण कर, उशीर झाला असेल तर त्याचा दंड, आणि नवी नंबरप्लेट बसवली नसेल तर तीही. हा खर्च गाडी ठेवली तर आहेच, पण चांगल्या माणसाला विकायची म्हटली तरी आहे, कारण मुदत संपलेली गाडी चांगलं गिऱ्हाईक घेत नाही. दिल्लीतल्या बंदीच्या बातम्या वाचून घाबरू नका. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा तो नियम दिल्ली परिसरापुरता आहे. नाशिकला गाडी तपासणीत पास झाली की चालते.

आता ५५,०००चं बघू. या आकड्यात दोन रकमा मिसळलेल्या असतात: गाडीची खरी किंमत आणि कंपनीचा एक्स्चेंज बोनस. शोरूममध्ये जाऊन दोन्ही वेगवेगळ्या कागदावर लिहून मागा. मग विचारा, "जुनी गाडी नाही दिली तर काय सूट?" माझा अनुभव असा, की वीस वर्षांच्या झेनला ते गाडी म्हणून १५ ते २० हजारांवर धरत नाहीत, बाकीचा बोनस असतो. त्यातला बराचसा रोख सूट, ॲक्सेसरीज किंवा विम्यात वळवून घेता येतो, विशेषतः महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत, कारण त्यांनाही आकडा पुरा करायचा असतो. तेव्हा झेन देण्या न देण्यातला खरा फरक ५५ हजारांचा नसून २५-३० हजारांच्या आसपासचा निघेल. तुम्ही जी आठवण तराजूत घालताय तिच्यासमोरचं वजन एवढंच आहे, हे आधी माहीत असावं.

रोजच्या गाडीबद्दल मी फार लांबण लावत नाही, कारण तिथं माझं मत पक्कं आहे. ती घ्याच. झेनला एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पाथर्डी फाटा ते सातपूर सकाळच्या ट्रकच्या गर्दीतून, आणि महिन्यातून एकदा भावाकडे पुण्याला, म्हणजे चंदनापुरीचा घाट, खेडचा घाट, मागं आई आणि मूल. या कामाला वीस वर्षांची हलकी गाडी नको. तुमच्या वडिलांनी ती कितीही जपलेली असो, पत्र्याची ताकद आणि ब्रेकचं तंत्र त्या काळचंच आहे. नवी घेणार असाल तर १,२०० सीसीच्या आतल्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी १८ टक्के आहे. पूर्वी सेससकट २९ होता. वर १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला राज्याचा ११ टक्के कर लागतो, म्हणजे सहा लाखांच्या गाडीवर ६६,००० रुपये. ऑन रोड हिशेब करताना हे विसरू नका. हप्ता जड जाणार असेल तर सेकंड हँड घ्या, पण २०२२ किंवा त्यानंतरची. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग तेव्हापासून सगळ्या गाड्यांत सक्तीच्या आहेत. एबीएस त्याआधी, २०१९पासून.

राहिला दुसरा प्रश्न. इथं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे आणि तुम्ही लिहिलेल्या चार ओळींवरून मी ठाम सांगू शकत नाही. झाकलेली जागा आहे का? सोसायटीत एकच पार्किंग असेल तर झेन रस्त्यावर उभी राहणार, आणि रस्त्यावर उभी असलेली जुनी गाडी वर्षभरात कशी होते ते मी रोज बघतो. दुसरं, आठवड्यातून एकदा ती कोण काढणार? तिसरं, पत्रा कसा आहे? या तिन्हींची उत्तरं मिळाली की मनाचं काय ते आपोआप बरंच सुटतं.

पत्र्याचं आधी, कारण ते तुम्ही घरीच बघू शकता. लोक मला इंजिनाबद्दल विचारतात. झेनचं ९९३ सीसीचं इंजिन गुणी आहे. ऑइल खायला लागलं, निळा धूर टाकायला लागलं तरी उघडून पुन्हा बांधता येतं. पत्रा सडला की मात्र गाडी हातातून जाते. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचला, त्याखालचा फेल्ट दाबून बघा, ओल लागते का. बॉनेट उघडा, पुढच्या चाकांचे स्ट्रट, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचे उभे दांडे, वर जिथं बोल्टांनी बसतात तिथला पत्रा फुगलाय का बघा. दाराखालच्या पट्टीवर, जॅक लावायच्या जागेजवळ, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टिचक्या मारत चला. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो, आणि वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला असेल तर आवाजच येत नाही. नाशिकची हवा यात आपल्या बाजूनं आहे. मुंबईहून आलेल्या, समुद्राची हवा खाल्लेल्या त्याच वर्षाच्या झेन माझ्याकडे आल्यात, त्यांच्या फ्लोअरमधून खालची जमीन दिसायची. जन्मभर नाशिकला राहिलेली, वडिलांनी शेडमध्ये ठेवलेली गाडी बहुधा बरी निघेल.

आता "ठेवायची" म्हणजे काय, ते माझ्याच घरातलं सांगतो. माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. ते ओझरला किराणा दुकान चालवायचे. ते गेले १९९९ साली. गाडी विकायची कल्पनाच सहन होईना. परसात फरशीवर उभी केली, जाड ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी सुतळीनं बांधली आणि मनाशी म्हटलं, सवड झाली की करून घेऊ. तेव्हा माझं गॅरेज नवीन होतं, सवड झाली नाही. तीन पावसाळे गेले. ताडपत्री सोडली त्या दिवशीचा वास अजून नाकात आहे, उंदरांचा आणि कुजलेल्या काथ्याचा. मागच्या सीटमध्ये घर केलं होतं त्यांनी. वायरिंग कुरतडून टाकलेलं. ब्रेकचे ड्रम धरलेले. मी आत बसायला पाय ठेवला आणि टाच फ्लोअरमधून खाली फरशीला लागली. ताडपत्रीनं पाऊस अडवला होता, पण जमिनीची वाफ आत कोंडून ठेवली होती. मी धंद्यानं मेकॅनिक, आणि माझ्या वडिलांची गाडी वजनावर भंगारात गेली. स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा असायचा त्या गाडीला. त्याची मूठ तेवढी काढून घेतली. वडिलांच्या तळव्यानं एका बाजूनं गुळगुळीत झालेली आहे. आज ती गॅरेजमध्ये माझ्या टेबलावर आहे.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, ठेवायची असेल तर चालती ठेवा. आठवड्यातून एकदा बारा-पंधरा किलोमीटर, नुसती जागेवर सुरू करून बंद करायची नाही. इंजिन पूर्ण तापलं पाहिजे, ब्रेक लागले पाहिजेत, चाकं फिरली पाहिजेत. पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि उभ्या गाडीच्या टाकीत महिनोन्‌महिने राहिलं तर टाकी आणि पंप दोन्हीला त्रास. २००५ची गाडी या पेट्रोलसाठी बनवलेली नाही, म्हणून रबराचे पेट्रोल पाइप एकदा सगळे बदलून घ्या आणि दर सहा महिन्यांनी बघत जा. खर्च म्हणाल तर, १,००० सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२च्या दरपत्रकानुसार २,०९४ रुपये अधिक जीएसटी, वर्षाला दोन सर्व्हिसिंग, दोन-तीन वर्षांनी बॅटरी, पाच-सहा वर्षांनी टायर. माझ्या अंदाजानं सरासरी वर्षाला १५ ते २० हजार. झेनचं उत्पादन २००६ सालीच थांबलं. क्लच प्लेट, ब्रेक, बुश अजून सहज मिळतात. हेडलाइट, काचेची रबरं, दाराचे लॉक शोधावे लागतात. पूर्वी सातपूर–अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात एका फेरीत सगळं मिळायचं. महापालिकेनं तो हटवल्यापासून मला ओळखीपाळखीतून मागवावं लागतं.

हे सगळं वाचून "एवढं माझ्याच्यानं होणार नाही" असं वाटलं तर त्यात वडिलांशी बेइमानी नाही. मग प्रश्न उरतो कुणाला द्यायची याचा. मला एक्स्चेंजची अडचण वाटते ती इथंच. तिथं गाडी कुणाकडे जाते हे तुम्ही ठरवत नाही. शोरूममधून ती दलालाकडे जाते, आणि वीस वर्षांची असेल तर पुष्कळदा सुट्या भागांसाठी उघडली जाते. काही लोकांना याचं काही वाटत नाही. तुमचा प्रश्न ज्या तऱ्हेनं लिहिलाय त्यावरून तुम्हाला वाटेल.

चार-पाच वर्षांपूर्वी गंगापूर रोडचे एक निवृत्त शिक्षक त्यांची १९९६ची मारुती ८०० घेऊन आले. पत्नी गेलेल्या, गाडी दोघांनी मिळून घेतलेली. स्वतःची नजर कमी झाल्यामुळे चालवणं बंद केलेलं. मी त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिलं, मखमलाबादच्या एक नर्सबाई. रात्रपाळीहून घरी जायला त्यांना साधी गाडी हवी होती. सौदा दहा मिनिटांत झाला. त्यानंतर मास्तर दोन तास थांबले. थंडीत सकाळी चोक किती ओढायचा, इंजिनानं सूर धरला की हळूहळू आत कसा ढकलायचा, हे त्यांनी बाईंना चार वेळा करून दाखवलं. मग सीट पुढं सरकवून दिली, आरसा त्यांच्या उंचीला लावून दिला, आणि उतरून बाजूला उभे राहिले. ती गाडी अजून माझ्याकडे सर्व्हिसिंगला येते. मास्तर भेटले की पहिला प्रश्न तिचाच असतो, "ऑइल बदललं का हो?" तुम्ही विचारलंत ना, मनाला लागेल का? ज्यांनी घाईत, न बघता दिली ते लोक मला पुढं अनेक वर्षं हळहळताना दिसले. ज्यांनी हातानं, माणूस बघून दिली, त्यांचं तसं होताना मी फारसं पाहिलेलं नाही.

गाडी तपासल्यावर पत्रा खरंच गेलेला निघाला, तर विकू नका आणि उभीही ठेवू नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथं जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत असते आणि आरटीओतली नोंदणी रीतसर रद्द होते. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर कागदावर ती जिवंतच राहते, वडिलांच्या नावानं.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. शोरूमला सांगितलं असतं, नवी गाडी घेतो, जुनी देत नाही, त्या हिशेबानं सूट लिहून द्या. झेन आईंच्या किंवा तुमच्या नावावर करायला भावाची संमती या महिन्यातच घेतली असती. विमा झाल्यावर एकदा लिफ्टवर चढवून खालून बघितली असती. पत्रा चांगला आणि झाकलेली जागा आहे, तर एक वर्ष ठेवली असती. वर्ष एवढ्यासाठी की वडिलांना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही, आणि एवढ्या लवकर घेतलेला निर्णय दुःखानं घेतलेला असतो, मग तो द्यायचा असो की ठेवायचा. वर्षभरात ती किती वेळा बाहेर निघाली हे मीटरवरच दिसेल. तीन-चार हजार किलोमीटर झाले तर ती घरात राहणारी गाडी आहे. शंभरही झाले नाहीत, तर तिला चालवणारं माणूस शोधायची वेळ आली असं समजा.

भाऊ "देऊन टाक" म्हणतो त्याचा राग धरू नका. तो पुण्याला आहे, त्याला ती दारात रोज दिसत नाही. आणि आईंना विचारताना "विकू का?" असं विचारू नका, त्यावर त्या गप्पच राहतील. "तुला त्या गाडीत बसावंसं वाटतं का?" असं विचारा. माझ्याकडे आलेल्या दोन-तीन आयांनी याचं उत्तर मुलांना वाटलं होतं त्याच्या नेमकं उलट दिलं. एकीला तर ती रिकामी ड्रायव्हर सीट बघवतच नव्हती, आणि मुलं तिच्यासाठी म्हणून गाडी जपत होती.

काहीही ठरलं तरी गाडी हातातून सोडण्याआधी डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा आणि डिकीतल्या मॅटखालचा भाग स्वतः रिकामा करा, दुसऱ्याला सांगू नका. त्या पिढीचे बहुतेक लोक पेट्रोलची वही ठेवायचे: तारीख, लिटर, किलोमीटर. तुमच्या वडिलांचीही असेल तर ती तिथंच सापडेल.

आत्ता मात्र आरसी आणि पॉलिसी बाहेर काढा आणि दोन्हींवरच्या तारखा मला कळवा. त्या कळल्या की पेठ रोडला आरटीओत कुठले फॉर्म कुठल्या क्रमानं द्यायचे ते सांगतो. तोवर मुलाला क्लासला रिक्षानं पाठवा.